फ्लॅट पॅडलचे बूट : काही महिने वापरल्यावर आणि सोल सुटल्यावर

फ्लॅट पॅडल म्हणजे बूट अडकवायची क्लिप नसलेलं, सायकलचं सपाट पॅडल. त्यासाठी घेतलेल्या जोडातल्या उजव्या बुटाचा सोल चवड्याच्या आतल्या बाजूने सुटला. तळाचं रबर अजून भरपूर शिल्लक आहे, वरचं कापड धडधाकट आहे, एकही शिवण उसवलेली नाही, आणि तरी फटीत बोट सहज जातं. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं की पॅडलच्या पिनांमुळे (पकडीसाठी वर आलेल्या छोट्या टोकांमुळे) झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. त्या उत्तरामुळेच हे सगळं लिहायला घेतलं. पिनांची झीज वेगळी दिसते, चिकटवण सुटलेली वेगळी दिसते, आणि हा फरक कुणालाही पाच मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो.

पिनांनी सोल खाल्ला असेल तर नुकसान बाहेरून आत जातं. तळाच्या ठिपक्यांचे तुकडे उडतात, कडा खरखरीत होतात, पिनांच्या जागी खड्डे पडतात आणि शेवटी मिडसोलचा, म्हणजे रबराच्या वरच्या मधल्या थराचा, फोम दिसायला लागतो. इथे तसं काहीच नव्हतं. फट हलकेच ताणून टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघितलं तर रबराची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत, तिच्यावर गोंदाचा पिवळट पातळ पापुद्रा तसाच वाळलेला, आणि समोरचा फोमही अखंड. चिकटवण नीट बसली असती तर जोर आल्यावर आधी फोम फाटला असता आणि त्याचा चुरा रबराला चिकटून राहिला असता. रबराला फोमचा कणही लागलेला नाही याचा अर्थ गोंद त्या जागी कधी धरलाच नव्हता. तक्रार करताना तीन फोटो पाठवा : बाहेरून पूर्ण तळ, फटीच्या दोन्ही आतल्या बाजू तिरप्या उजेडात, आणि पिनांच्या जागेचा जवळून फोटो. हे तिन्ही पाठवूनही आम्हाला तेच वाक्य परत आलं. त्यामुळे या कंपनीचा पुढचा जोड घेणार नाही. पण बुटाबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे.

सोल नेमका तिथेच का सुटतो? फ्लॅट पॅडलवर पाऊल ठेवताना पॅडलचा दांडा चवड्याच्या थोडा मागे येतो. क्लीटच्या (तळाच्या खटक्याने पॅडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांपेक्षा ही जागा बरीच मागे आहे, आणि उतारावर टाच खाली दाबायची असेल तर ती तशीच हवी. पॅडल साधारण १०० ते ११० मिलिमीटर लांब, म्हणजे पिनांची पुढची रांग दांड्यापासून जवळजवळ ५० मिलिमीटर पुढे. ती येऊन बसते चवड्याच्या आसपास, अगदी त्या पट्ट्यात जिथे चालताना बूट वाकतो. पॅडलवर तिथे पिन रुततात आणि सायकल ढकलत चढताना तीच जागा हजारदा दुमडते. सोलवरचा सगळ्यात कष्टाचा पट्टा हाच. नवीन बूट हातात आला की बाकी सगळं सोडून आधी हा पट्टा बघावा असं आता ठाम मत झालं आहे.

बघायचं कसं, तर टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरून बूट दुमडा. घडी चवड्यावर पडायला हवी. ती पावलाच्या कमानीखाली पडत असेल तर तो बूट ठेवून द्या. अशा बुटात दांड्याचा उंचवटा लांबच्या चढावर कमानीत रुतत राहतो, आणि मधे फुगीर असलेल्या पॅडलवर तर जास्तच. मग कापडासारखा पिळून बघा, फार पिळला जाऊ नये. आणि दुमडलेल्या अवस्थेत चवड्याच्या दोन्ही कडांना रबर आणि फोम यांच्यामधली रेष नखाने चाचपा. नख आत शिरत असेल तर पुढे काय होणार ते दिसतंच आहे. काही बुटांत तळाचं रबर कडेने वर वळवून घेतलेलं असतं किंवा टोकाला शिवलेलंही असतं. हे बूट सुटायला जास्त वेळ घेतात.

दुसरी तपासणी कागदाची. दुकानातली माणसं चकित होऊन बघतात, बघू द्या. बूट सपाट टेबलावर ठेवा, आत हात घालून हलकेच दाबा आणि टोकाखालून साधा कागद सरकवा. जिथे अडेल तिथे खूण करा. मग तोच कागद कमानीच्या बाजूने सरकवून दुसरी खूण करा. दोन खुणांमधला भाग तेवढाच खरा सपाट. आपल्या पॅडलच्या लांबीइतका तरी तो सलग सपाट असायला हवा. धावायच्या बुटांचं टोक चवड्याच्या आधीपासूनच वर उचललेलं असतं. चालायला, धावायला ते उत्तम, पण पॅडलवर पुढच्या पिना हवेतच राहतात आणि सगळी पकड मधल्या दोन-चार पिनांवर येते. ट्रेकिंगच्या बुटांत अडचण वेगळी : रबर कडक आणि खाचा खोल. पिन खाचेत पडली तर पाऊल डगमगतं, उंचवट्यावर बसली तर घसरतं. आमच्या जोडाचा सपाट पट्टा पॅडलपेक्षाही लांब निघाला, आणि या एका गोष्टीसाठी त्याला पूर्ण गुण देतो. पाऊल थोडं पुढेमागे पडलं तरी पकड तीच राहते.

लोक मात्र बोलतात ते रबराबद्दल. फाइव्ह टेन ही मुळात गिर्यारोहणाच्या बुटांची कंपनी, चार्ल्स कोल यांनी १९८५ मध्ये काढलेली, पुढे २०११ मध्ये आदिदासने घेतलेली. खडकावर चिकटावं म्हणून बनवलेलं त्यांचं स्टेल्थ रबर सायकलच्या बुटांत आलं आणि फ्लॅट पॅडलचा सगळा हिशेबच बदलला. माउंटन बाइकपटू सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही डोंगरी सायकल शर्यतींची मालिका फ्लॅट पॅडलवर जिंकली, तेव्हा क्लिपशिवाय वेग येत नाही हे म्हणणं मागे पडलं. आता चिकट रबर बऱ्याच कंपन्यांकडे आहे. रबराचा कडकपणा शोअर ए मापात मोजतात; आकडा जितका कमी तितकं रबर मऊ. पण नुसत्या मऊपणावर जाऊ नका, रबर किती सावकाश परत येतं तेही बघा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. खूण लगेच नाहीशी झाली तर ते उसळणारं रबर, दगडांवर पाऊल उडवणारं. खूण सावकाश भरत आली तर ते धक्का पिणारं रबर, आणि आपल्याला तेच हवं. थंडीत हेच रबर कडक होतं, तेव्हा गारठ्यात केलेल्या परीक्षेवरून निकाल देऊ नका.

सुरुवातीच्या आठवड्यांत या बुटाबद्दल मत वाईट होतं, आणि तेही याच चिकटपणामुळे. पाऊल एकदा टेकलं की तिथेच रुतायचं. जागा थोडी चुकली तर सरकवून नीट करता येत नव्हतं, पूर्ण उचलून परत ठेवावं लागायचं, आणि खडकाळ चढावर तेवढी उसंत नसते. आता ते मत तसं राहिलेलं नाही. बुटाला दोष देत होतो तो खरा होता पिनांच्या उंचीचा. पुढच्या रांगेतल्या पिना सुमारे १ मिलिमीटर आत घेतल्यावर वागणं पार बदललं : उतारावर पकड होती तेवढीच राहिली आणि चढावर पाऊल किंचित फिरवता यायला लागलं. वरून बसणाऱ्या एम ४ (४ मिलिमीटर जाडीच्या पेचाच्या) पिनांना एका फेऱ्यात ०.७ मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे दीड फेरा पुरे. त्यानंतर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (पेच सैल होऊ न देणारा गोंद) लावा, नाहीतर पिना वाटेतच गळतात. खालून बसणाऱ्या पिना असतील तर डोक्याखाली पातळ वॉशर घाला. सगळ्या पिना एकदम कमी करू नका. मधल्या पिना कडेच्या पिनांपेक्षा बुटक्या राहिल्या की पॅडल खोलगट वागतं आणि पाऊल त्यात बसून राहतं. हा बदल फुकटात होतो. अ‍ॅलन की घेऊन थोडा वेळ बसा, मगच नव्या बुटाचा विचार करा.

कडकपणाबद्दलचं मत मात्र उलट दिशेने सरकलं. पहिल्यांदा हा मऊ सोल फार आवडला होता, पॅडल कुठे आहे ते पायाला कळायचं. लांब चढ वाढले तसे तळपाय जळायला लागले. याला पॅडलचा आकारही कारण आहे. लहान पॅडलवर मोठं पाऊल असेल तर टोक आणि टाच दोन्ही बाजूंनी लोंबतात आणि मऊ बूट दांड्यावर वाकतो. मोठ्या पॅडलवर मऊ बूट चालून जातो, लहान पॅडलला मधला थर कडकच लागतो. उपाय म्हणून थोडा कडक इनसोल घातला आणि जळजळ बरीच कमी झाली. पण जाड इनसोलने पाऊल वर उचललं जातं आणि टाच सैल होते, म्हणून मूळ इनसोल काढून त्याच जाडीचा दुसरा घाला. एकावर एक ठेवू नका. फार कडक बूटही नको. पाऊल पॅडलवर गुंडाळलं जात नाही, दगडांच्या माऱ्यात उडत राहतं.

माप संध्याकाळी घ्या, सायकलवर घालता तेच मोजे घालून. पुढे साधारण १० मिलिमीटर जागा हवी, आणि उभं राहून टाच उचलली तर ती बुटातून सुटता कामा नये. आतल्या घोट्याकडची कॉलर उंच असलेली चांगली, क्रँकचे (पॅडल ज्या पट्टीला बसतं तिचे) फटके तिथेच बसतात. टोक कडक हवंच. नाडीचं टोक अडकवायला इलॅस्टिक नसेल तर उजव्या बुटाची नाडी चेनरिंगमध्ये (साखळीच्या पुढच्या दातेरी चक्रात) जाऊ शकते, आणि ते नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे.

पावसाळी वापरात या बुटाची अडचण दिसली ती जिभेत. जाड फोमची जीभ आणि कॉलर पाणी पिऊन बसतात, बूट जड होतो, दुसऱ्या दिवशीही आत दमट राहतो. नेहमी ओढे ओलांडायचे असतील तर जाळीचा, कमी फोमचा बूट घ्या, घोट्याचं संरक्षण थोडं कमी असलं तरी चालेल. वाळवताना इनसोल काढा, नाडी पूर्ण सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते भिजले की बदला. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवू नका. उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि मग सुटण्याची सुरुवात त्याच चवड्याच्या पट्ट्यातून होते. वॉशिंग मशीनही नको, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सपाट ठिपक्यांचा सोल ओल्या गवतावर आणि चिखलाच्या चढावर पायी चालताना घसरतो. सायकल ढकलायची वेळ वारंवार येत असेल तर टोकाला आणि टाचेला खोल खाचा असलेलाच सोल शोधा. डांबरी रस्त्यावर पायी फिरायला हे बूट वापरले तर चिकट रबर भराभर झिजतं, त्यासाठी वेगळा जोड ठेवा.

सुटलेला सोल शेवटी घरीच चिकटवला. आधी पूर्ण कोरडा केला. जुन्या गोंदाचा पापुद्रा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी घासून काढला. हे टाळलं तर नवा गोंद जुन्या पापुद्र्यावर बसतो आणि त्याच्यासकट सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. पॉलियुरेथेनचं कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावलं, १०-१५ मिनिटं थांबून दुसरा हात दिला, परत हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो, हेअर ड्रायरने हलकं गरम केलं आणि आतून बाहेर दाबत बसवलं. बुटात कागद कोंबून, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून २४ तास सपाट ठेवला. एका क्षणात चिकटणारा गोंद इथे वापरू नका, तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या काही घड्यांतच तडकतो. फट भरणारा जाड गोंदही चवड्यावर टिकत नाही, टोकाच्या कडेला मात्र चालतो.

जोड अजून धरून आहे. डाव्या बुटाला त्याच जागी नखाएवढी फट दिसायला लागल्यावर तीही आताच उघडून, घासून, चिकटवून घेतली. फट लहान असतानाच हे काम सोपं जातं, कारण आत माती शिरलेली नसते आणि फोमची कड चुरगळलेली नसते.