काचमणी: आठ महिने ओवल्यावर

पहिल्यांदा मणी घेतले ते फक्त रंग बघून. ११/० आणि १५/० अशा दोन पुड्या. पंधरा म्हणजे मोठे असणार, असं मीच ठरवून टाकलं. उघडल्यावर चिमटीतही धड येईनात असे दाणे निघाले! या बारीक मण्यांत नंबर वाढला की मणी लहान होतो: ६/० साधारण ४ मि.मी., ८/० तीन, ११/० दोनच्या आसपास, १५/० दीड. मोती आणि क्रिस्टल सरळ मि.मी.वर मिळतात. सुयांची गंमतही उलटीच, १२ नंबरची सुई १० पेक्षा बारीक.

पण माप कळलं तरी भोक कळायला मला चार महिने लागले. मण्यांच्या विणकामात एकाच मण्यातून दोरा तीन-चारदा जातो. चेक (म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या) मण्यांची भोकं अरुंद निघाली. चौथ्या फेरीला सुई अडकली, मी पक्कडीने ओढली आणि मणी पट्टीच्या मधोमध फुटला. अर्धं काम उसवलं. जपानी डेलिका जातीचे मणी नळीसारखे, भिंत पातळ, भोक ऐसपैस. सपाट पट्टीत विटांसारखे बसतात. चेक मणी किंचित चपटे, जाडीला कमी-जास्त. पट्टीची कड त्यांनी वाकडीतिकडी होते, पण लोंबत्या सरांना तोच उणे-अधिकपणा शोभतो, निदान मला तरी आवडतो. गोड्या पाण्यातल्या मोत्यांना तर १२ ची सुईही बरेचदा जात नाही.

क्रिस्टलच्या बायकोन (दोन्ही टोकांना निमुळत्या) मण्यांनी वेगळाच धडा दिला. त्यांच्या भोकाची कड धारदार असते. साध्या नायलॉन दोऱ्यातलं ब्रेसलेट महिन्याभरात तुटलं, मणी घरभर. आता प्रत्येक क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना एकेक १५/० घालते आणि दोरा फायरलाइनचा, म्हणजे मासेमारीचा मजबूत दोरा, वापरते. लांबट नळीमण्यांनाही हाच उपाय.

रंगाचं म्हणाल तर गॅल्व्हनाइज्ड सोनेरी मुलामा मनगटावर तीन महिन्यांत घासला गेला, त्याच पुडीतल्या मण्यांचे कानातले अजून चकचकीत आहेत. रंगवलेला गुलाबी फिका पडला. आत काचेतच रंग असलेले अपारदर्शक मणी मात्र जसेच्या तसे.

आता ११/० डेलिका सर्वांत जास्त घेते. ती पहिली १५/० ची पुडी, जी मी वैतागून मागे सारली होती, क्रिस्टलच्या कडेला घालून घालून संपत आलीय.