फाइल वाचायला काय घ्यावं: स्कॅनर, बफर्डरीडर की फाइल्स?

ठाणे–वाशी मार्गावरची नऊ स्थानकं, एका ओळीत एक, एवढीच फाइल होती. भाचीला ती जावा या प्रोग्रामिंग भाषेतून वाचून पडद्यावर छापायची होती. त्यासाठी जावात तयार वर्ग, म्हणजे आयती साधनं, आहेत. घणसोलीच्या घरी आमची रविवारची दुपार त्यातच गेली. तिची मैत्रीण म्हणाली स्कॅनर, क्लासात शिकवलेला बफर्डरीडर, आणि मी म्हणत होतो फाइल्स. तिघांना मी एकाच तराजूत तोलतो: चूक झाली की कोण लगेच ओरडतं आणि कोण गप्प बसतं.

स्कॅनर गप्प बसणारा. भाचीने त्याच्या कंसात अवतरणचिन्हं टाकून थेट फाइलचं नाव लिहिलं. कंपायलरची (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणाऱ्याची) काही तक्रार नाही, पण पडद्यावर स्थानकांऐवजी फाइलचं नावच उमटलं! स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, दिली की स्कॅनर तिलाच मजकूर समजून वाचतो. नाव आधी 'न्यू फाइल'मध्ये गुंडाळावं लागतं. तसं केलं आणि लगेच 'अनरिपोर्टेड एक्सेप्शन', म्हणजे संभाव्य अडचणीची सोय केली नाही अशी तक्रार, आली. "मामा, आणखी बिघडलं," ती म्हणाली. उलट आता कुठे बरोबर झालं होतं: फाइल सापडली नाही तर काय करायचं, हे जावा विचारत होती. मेनपुढे (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागापुढे) 'थ्रोज' लिहा किंवा ट्राय-कॅच घाला. पुढे अख्खी ओळ वाचणाऱ्या नेक्स्टलाइनच्या जागी एकेक शब्द वाचणारं नेक्स्ट वापरलं, तर 'दिघा गाव'चे दोन तुकडे होऊन स्थानकं दहा झाली. तेही बिनतक्रार. मात्र ओळीत आकडेच आकडे असतील तर स्कॅनरइतकं सोपं काही नाही.

बफर्डरीडर 1997 च्या जावा 1.1 पासूनचा, म्हणजे भाचीपेक्षा वयाने मोठा. त्याच्या व्हाइलमध्ये (ओळी संपेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये) 'लाइन = रीडलाइन' याभोवती वेगळा कंस हवा. तो विसरला की 'बुलियनचं स्ट्रिंग होत नाही' अशी तक्रार येते, कारण आधी नलशी (ओळी संपल्याच्या खुणेशी) तुलना होते आणि तिचं हो-नाही उत्तर, म्हणजे बुलियन, लाइनमध्ये घालायचा प्रयत्न होतो. ही तक्रार मला आवडते. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पण तिने अटीत एकदा आणि छापताना पुन्हा एकदा रीडलाइन लिहिलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. दिघा गाव, रबाळे, कोपरखैरणे, सानपाडा आणि शेवटी 'नल'. ठाणे, ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी गायब. जणू ट्रान्स हार्बरवर फास्ट लोकल सोडली होती.

फाइल्स हा वर्ग 2011 च्या जावा 7 मध्ये आला. त्यातल्या रीडऑललाइन्सला पाथ (फाइलचा पत्ता) दिला की सगळ्या ओळींची यादी हातात. लूपची अट नाही, बंद करायची भानगड नाही, त्यामुळे चुकायला जागाच कमी. 'पाथ.ऑफ'ला मात्र जावा 11 लागतो. लॅबमध्ये जावा 8 असेल तर 'कॅनॉट फाइंड सिंबल' येईल, तिथे 'पाथ्स.गेट' लिहायचं. आपल्यासाठी मोठा फायदा देवनागरीचा. फाइल्स यूटीएफ-8 (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) धरून चालतं आणि मजकूर त्यात बसला नाही तर थेट एक्सेप्शन टाकतं. विंडोजवर जावा 17 पर्यंतचा फाइलरीडर (बफर्डरीडरला फाइल उघडून देणारा) मात्र एन्कोडिंग सांगितलं नाही तर बहुधा 'ऐरोली'चा कचरा करून मुकाट छापतो. तोटा एकच: सगळी फाइल मेमरीत येते, म्हणून काही जीबींच्या लॉगसाठी हे नको.

पाथमधला बॅकस्लॅश तिघांनाही छळतो. एकेरी लिहिला की बहुतेकदा 'इलिगल एस्केप कॅरॅक्टर' येतं, ते बरं. पण फोल्डरचं नाव 'नवीमुंबई' असून ते इंग्रजीत स्मॉल एनने सुरू होत असेल, तर बॅकस्लॅश आणि एन ही जोडी नवी ओळ ठरते, कंपाइल सुरळीत होतं आणि फाइल सापडत नाही. सरळ फॉरवर्ड स्लॅश लिहा, विंडोजवरही चालतो.

भाचीला मी फाइल्सच घ्यायला लावलं. प्रॅक्टिकलला बफर्डरीडरच विचारतात म्हणे, म्हणून तोही ट्रायच्या कंसातच उघडून (म्हणजे तो आपोआप बंद होतो), एकाच रीडलाइनने, तिच्याकडून दोनदा लिहून घेतला. दुसऱ्या खेपेला नऊच्या नऊ स्थानकं आली.