४०० मिलिग्रॅमची हिरवी कॅप्सूल: दोन महिन्यांच्या वापरानंतर

औषधांच्या दुकानात दहाच्या पट्टीत मिळणारी ‘ई’ जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची मऊ हिरवी कॅप्सूल मी दोन महिने, रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर घेतली. ती सहज गिळता येते आणि हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषले जात असल्याने जेवणानंतरची वेळही योग्य ठरते. तरीही मी ती थांबवली, कारण पट्टीवर छापलेला मजकूर मी उशिराने नीट वाचला.

तेथे घटक म्हणून ‘टोकोफेरिल ॲसिटेट’, म्हणजे ॲसिटेट जोडलेले ‘ई’ जीवनसत्त्व, असे लिहिलेले असते. पेशींच्या आवरणातील मेदाम्ले मुक्त मूलकांमुळे, म्हणजे अस्थिर आणि पटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूंमुळे, एकामागून एक खराब होऊ लागतात, तेव्हा अल्फा टोकोफेरॉल, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्वाचे शरीर वापरते ते रूप, स्वतःजवळचा हायड्रोजनचा अणू देऊन ती साखळी तोडते आणि ‘क’ जीवनसत्त्व त्याला पुन्हा पूर्ववत करते. ॲसिटेटमध्ये मात्र हा अणू देणारी जागाच झाकलेली असते. त्यामुळे कॅप्सूल दीर्घकाळ टिकते खरी, पण आतड्यात ॲसिटेटचा भाग सुटेपर्यंत ती अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाही. कॅप्सूल टोचून तेल चेहऱ्याला चोळणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे, कारण त्वचेत हे रूपांतर मर्यादितच होते आणि काहींना त्याने पुरळही उठते. माझ्या धाकट्या बहिणीच्या गालांवर तसे उठले होते.

मात्रेचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. अमेरिकेतील शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरतात. कॅप्सूलमधले जीवनसत्त्व कृत्रिम प्रकारचे असून त्याचा निम्माच भाग शरीराच्या उपयोगी पडतो असे धरले, तरी एका कॅप्सूलमधून त्याच्या दहापटीहून अधिक जीवनसत्त्व मिळते. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ‘ई’ जीवनसत्त्वाची ४०० आंतरराष्ट्रीय एकके (कृत्रिम ॲसिटेटचे ४०० मिलिग्रॅम) घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना मोठ्या मात्रेमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. मी ज्या दुकानातून ती घेत होते, तेथे यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही, याची खंत वाटते.

मेदाचे शोषण नीट न होणाऱ्या आजारांत डॉक्टर ही कॅप्सूल देतात, आणि तेथे तिचे मोल निःसंशय आहे. निरोगी माणसाने ती रोज घ्यावी, असे मी सुचवणार नाही. एक मोठा चमचा करडईच्या तेलातून साधारण साडेचार मिलिग्रॅम मिळतात, शेंगदाण्याचे कूट त्यात भर घालते, आणि आमच्या स्वयंपाकघरात हे दोन्ही आधीपासूनच होते.