कॉमन अ‍ॅप: सोय उत्तम, पण साचा अमेरिकी शाळेचा

अमेरिकेत पदवीसाठी बाहेरच्या देशातून अर्ज करायचा म्हटलं की बहुतेकांची गाठ कॉमन अ‍ॅपशी पडते. 1975 मध्ये 15 कॉलेजांनी मिळून सुरू केलेली ही सामाईक अर्जाची सोय आज हजाराहून जास्त कॉलेजं वापरतात. खातं काढायला पैसे लागत नाहीत. नाव, पत्ता, कुटुंब, शिक्षण एकदाच भरायचं आणि तोच अर्ज 20 कॉलेजांपर्यंत पाठवायचा. नवा हंगाम दर वर्षी 1 ऑगस्टला सुरू होतो. काम नीट करणारी साइट आहे, मध्येच सोडून उठलात तरी भरलेलं जपून ठेवते. मात्र तिचे रकाने अमेरिकी शाळा डोळ्यांसमोर ठेवून आखलेत, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बहुतेक चुका त्या रकान्यांत स्वतःला बसवण्याच्या धडपडीत होतात.

सगळ्यात मोठी चूक जीपीएच्या, म्हणजे गुणांच्या सरासरीच्या रकान्यात होते. शाळा टक्के किंवा श्रेणी देते, म्हणून मुलं कुठलं तरी कॅल्क्युलेटर शोधून 4 पैकी आकडा काढतात. असं अजिबात करू नका. शाळा जीपीए देत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, वर्गातला क्रमांक देत नसेल तर ‘नन’ निवडा. शाळेकडून जाणाऱ्या गुणपत्रकात तो आकडा नसतोच, त्यामुळे तुम्ही काढलेला आकडा फक्त शंका निर्माण करतो. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक) नसेल तर तोही रकाना मोकळा सोडायचा. टेस्टिंग विभागात मात्र एक प्रश्न खास आपल्यासारख्यांसाठी आहे: तुमच्याकडे सरकारी किंवा राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेवरून पुढच्या वर्गात पाठवतात का? बोर्डाची परीक्षा असेल तर उत्तर ‘हो’. घाईत हा प्रश्न ‘नाही’ म्हणून ओलांडला जातो.

अ‍ॅक्टिव्हिटीजचा विभाग नेटका आहे, पण कंजूष. जास्तीत जास्त 10 नोंदी. पदासाठी 50 अक्षरं, संस्थेच्या नावासाठी 100 आणि वर्णनासाठी 150, स्पेस धरून. ‘मी या मंडळाचा सक्रिय सदस्य होतो’ असं लिहिलंत तर जागा फुकट गेली, कारण पद आणि मंडळ वरच्या रकान्यांत आलेलंच असतं. थेट कामावर या: ‘दर शनिवारी 40 मुलांना गणित शिकवलं, सरावाच्या 6 पुस्तिका तयार केल्या’. आठवड्याचे तास भरताना शेवटी बेरीज करून पाहा. प्रत्येक नोंदीपुढे 10 तास टाकले तर शाळा सांभाळून आठवड्याला 100 तास होतात, आणि वाचणाऱ्यालाही बेरीज येते.

निबंध 250 ते 650 शब्दांचा. दुसरीकडून चिकटवला की परिच्छेदांमधली जागा बिघडते, म्हणून प्रिव्ह्यूची पीडीएफ ओळ न ओळ वाचा.

आता साइटची खरी उणीव. विभाग पूर्ण झाला की हिरवी खूण दिसते, आणि मुलं तिच्यावर विसंबतात. ती खूण फक्त सक्तीचे प्रश्न मोजते. शिवाय काही कॉलेजांचे जादा निबंध तुम्ही विषय किंवा शाखा निवडल्यावरच उघडतात. शेवटच्या रात्री शाखा निवडली आणि 300 शब्दांचा नवा प्रश्न समोर आला, असं होऊ शकतं. काही ठिकाणी रायटिंग सप्लिमेंट, म्हणजे हे जादा निबंध, वेगळं सबमिट करावं लागतं. म्हणून कॉलेज यादीत घातल्याच्या दिवशीच शाखा निवडा आणि प्रश्न उतरवून घ्या.

शिफारसपत्रांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळा नोंदवायची, निदान एक कॉलेज यादीत घालायचं, मग फर्पाची, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या अमेरिकी कायद्याखालची संमती द्यायची. त्यानंतरच शिक्षकांना निमंत्रण जातं. पत्र पुढे वाचण्याचा हक्क सोडणंच योग्य, कारण मोकळेपणाने लिहिलेल्या पत्रावर कॉलेज जास्त भरवसा ठेवतं. समुपदेशकाचं पद नसलेल्या शाळेत हे काम मुख्याध्यापकांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे येतं. स्कूल रिपोर्ट, गुणपत्रक आणि पुढे सहामाहीचा अहवाल त्यांनाच चढवायचा असतो, तेव्हा त्यांच्या हातात निदान महिनाभर वेळ द्या.

अर्जाची फी प्रत्येक कॉलेजची वेगळी. अनेक नामांकित ठिकाणी ती 75 ते 90 डॉलर असते, काही ठिकाणी शून्य. 20 कॉलेजांचा मोह आवरायला हा हिशेब पुरेसा आहे. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, हे आधी बँकेत तपासा. पैसे भरले म्हणजे अर्ज गेला, असं नाही. परत पानावर येऊन सही करून सबमिट दाबावं लागतं. पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव झाला की काम झालं. मुदत तुमच्या टाइमझोनमधल्या रात्री 11:59 पर्यंत धरतात, ही बाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी खरोखर चांगली गोष्ट आहे.

आर्थिक मदतीचं काम मात्र इथे होत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारची मदत मिळत नाही. कॉलेजची मदत हवी असेल तर अनेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक माहितीचा अर्ज वेगळा भरावा लागतो: पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. मदत मागितल्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का, हे प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि अ‍ॅमहर्स्ट परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तो होऊ देत नाहीत, पण बहुतेक कॉलेजांत होतो. अर्ली डिसिजनची, म्हणजे प्रवेश मिळाला तर त्याच कॉलेजात जाण्याच्या लवकरच्या अर्जाची सही बंधनकारक असते, त्यामुळे खर्चाचा अंदाज न घेता ती करू नये.

एमआयटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया इथे सापडणार नाहीत, त्यांचे अर्ज स्वतंत्र. कॅलिफोर्नियाला 8 पैकी 4 प्रश्नांची प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरं लागतात.

सबमिट केल्यावर काही दिवसांत प्रत्येक कॉलेज स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन ईमेलने पाठवतं. एखादं गुणपत्रक किंवा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल पोहोचला नसेल तर ते तिथेच कळतं, कॉमन अ‍ॅपवर नाही. स्पॅम फोल्डर रोज उघडा.