एकाने ठरवायचं, हात वर करायचे की आक्षेप विचारायचे?

कॉम्प्युटर नाही, फळा नाही, समोर फक्त माणसं आहेत आणि निर्णय आजच हवाय. अशा वेळी तीन पद्धती चालतात. कोणती घ्यायची हे ठरवताना आधी दोन गोष्टी पाहा: निर्णय मागे घेता येईल का, आणि तो राबवणार कोण?

सहज फिरवता येणारा निर्णय एकानेच घ्यावा. मात्र त्याआधी ज्यांना झळ बसणार त्यांपैकी दोघांना आणि त्या कामातल्या एखाद्या जाणकाराला वेगवेगळं गाठून विचारावं. स्वतःचं मत शेवटपर्यंत राखून ठेवावं, नाहीतर समोरचा नुसती मान डोलावतो. आणि ठरवूनच ठेवलं असेल तर सल्ला मागूच नये. एकदा ते कळलं की पुढच्या वेळी खरं कुणी बोलत नाही.

बहुमत सगळ्यात झटपट, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरलं जाणारं. दोन पर्याय असतील तोवर ठीक. तीन झाले की घोळ होऊ शकतो. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने तो 1785 मध्येच दाखवला होता. नऊ जणांना कामाची पाळी निवडायची आहे. तिघांची पसंती सकाळ, दुपार, रात्र; तिघांची दुपार, रात्र, सकाळ; उरलेल्या तिघांची रात्र, सकाळ, दुपार. आता दोन-दोन पर्यायांवर मत घ्या. सकाळ दुपारला 6-3 ने हरवते, दुपार रात्रीला, आणि रात्र सकाळला! म्हणजे आधी दोन पर्यायांवर मत घेतलं आणि जिंकलेला तिसऱ्यासमोर ठेवला, तर जो पर्याय शेवटी मताला येईल तोच जिंकणार. शिवाय उघडपणे हात वर करताना लोक शेजाऱ्याकडे बघतात, म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला सांगून एकाने हात मोजावेत.

मागे न घेता येणारा किंवा सगळ्यांनी मिळून राबवायचा निर्णय असेल, तर आक्षेपांची फेरी घ्या. वेळ जास्त लागतो, पण तो सत्कारणी लागतो. प्रस्ताव दोन वाक्यांत मांडा. पहिल्या फेरीत फक्त शंका विचारायच्या. दुसऱ्या फेरीत सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात, साहेब शेवटी. ‘पटतंय ना?’ असं विचारू नका. ‘यामुळे काय बिघडेल?’ असं विचारा. नेमकं नुकसान सांगता आलं तर तो आक्षेप, आणि त्यानुसार प्रस्ताव बदलायचा. ‘मला आवडत नाही’ हे नुसतं मत. गप्प बसणं म्हणजे होकार समजू नका. प्रत्येकाने ‘हरकत नाही’ असं तोंडाने म्हणायला हवं.

मात्र नुकसान नेमकं सांगितलं की पुरे; ते सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर टाकू नये. 1986 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीचा धोका अभियंत्यांनी सांगितला होता, पण धोका आहे हे त्यांनीच सिद्ध करावं अशी अपेक्षा धरली गेली. दुसऱ्या दिवशी यानातल्या सात जणांचा जीव गेला.

कागद नसेल तर उठण्याआधी जबाबदारी घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडून सांगावं: काय करणार, कधीपर्यंत, आणि फेरविचार कोणत्या दिवशी.