न्हाणीघराचा ट्रॅप, जाळी, चॅनल आणि पाइप : कोकणातल्या घरात काय टिकतं, काय नाही

जुन्या घरात नवं अटॅच्ड न्हाणीघर काढताना घरमालकाचा निम्मा वेळ टाइल आणि नळ निवडण्यात जातो. फरशीखालचा ट्रॅप मात्र प्लंबर येताना आणील तो. वास्तविक नंतर बदलायला सगळ्यात अवघड वस्तू तीच. नळ तासाभरात बदलतो. ट्रॅप बदलायचा तर टाइल, कोबा आणि वॉटरप्रूफिंग तिन्ही फोडावी लागतात. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजारात सहज मिळणारे ट्रॅप, जाळ्या, चॅनल आणि पाइप इथे एकाच कसोटीवर पाहिले आहेत : खाऱ्या वाऱ्यातल्या, जांभ्याच्या आणि वर्षातले काही महिने कुलूप लागणाऱ्या घरात ते नीट चालतात का?

मल्टी-फ्लोअर ट्रॅप

ट्रॅपचं काम एवढंच, की पाणी जाऊ द्यायचं आणि पाइपातली घाण हवा वर येऊ द्यायची नाही. हे काम ट्रॅपमध्ये साठून राहणारं पाणी करतं. त्या पाण्याची खोली, म्हणजे वॉटर सील, किमान 50 मिमी हवी. खोक्यावर हा आकडा क्वचितच असतो, तेव्हा दुकानातच मोजून घ्यावा. ट्रॅप सपाट जागी ठेवा, आउटलेटमधून पाणी बाहेर पडू लागेपर्यंत वरून ओता, ओघळ थांबू द्या. मग पट्टी आत घालून दोन मापं घ्या : एक वरच्या काठापासून पाण्याच्या पातळीपर्यंत, दुसरं त्याच काठापासून पाण्यात बुडालेल्या पडद्याच्या खालच्या टोकापर्यंत. दोन्हींतला फरक म्हणजे सील. कमी उंचीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ट्रॅपमध्ये हा फरक 50 मिमी भरत नाही. घंटीसारखी उचलता येणारी वाटी असलेल्या ट्रॅपमध्ये तर तो आणखी कमी असतो, आणि साफसफाईला काढलेली वाटी परत बसवायची राहिली की सील उरतच नाही.

आमची पहिली पसंती पीव्हीसीच्या मल्टी-फ्लोअर ट्रॅपला. वर 110 मिमीचं तोंड, बाजूला 75 किंवा 110 मिमीचं आउटलेट, आणि बेसिन, शॉवर, वॉशिंग मशीन यांच्यासाठी बाजूने छोटे इनलेट. साध्या न्हाणी ट्रॅपपेक्षा याचा मोठा फायदा असा, की बेसिनचं पाणी याच ट्रॅपमधून जातं. न्हाणीघराची फरशी कोरडी राहिली तरी बेसिन वापरलं की सील भरतं. पाहुण्यांच्या खोलीतल्या न्हाणीघरासाठी एवढ्या एका कारणावरून आम्ही हाच घ्यायला सांगू.

बसवताना दोन चुका नेहमी होतात. बऱ्याच ट्रॅपचे इनलेट आतून बंद असतात. लागतील तेवढेच होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) कापायचे असतात. कापायचं राहिलं आणि पाइप नुसता वरून चिकटवला, तर बेसिन तुंबतं आणि दोष बेसिनच्या माथी येतो. दुसरी चूक उंचीची. टाइलची पातळी आधी न ठरवता ट्रॅप बसवला की जाळी फरशीच्या वर तरी येते, नाहीतर चार बोटं खाली जाते. ट्रॅप थोडा खालीच धरावा आणि हाइट रायझर (उंची वाढवणारा नळीचा तुकडा) घालून वर आणावा. कोबा आणि टाइल झाल्यावर रायझर नेमका कापता येतो. मात्र ट्रॅप आणि रायझर यांचा सांधा सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या पेस्टने) चिकटवलाच पाहिजे. तो नुसता खोचला तर टाइलखाली झिरपलेलं पाणी तिथूनच स्लॅबमध्ये उतरतं आणि खालच्या खोलीच्या छताला डाग पडतो.

तळमजल्यावर जोत्यात खोदायला जागा असते, तिथे कमी उंचीचा ट्रॅप घेण्याचं काहीच कारण नाही. वरच्या मजल्यावर स्लॅब खाली सोडलेला नसेल, तर न्हाणीघराची फरशी एक पायरी उचलावी. उंबऱ्याला थोडी ठेच लागेल, पण सील पूर्ण मिळेल.

जाळी

खाऱ्या हवेत जाळीचा खरा दर्जा वर्षभरात कळतो. स्वस्त चकचकीत जाळ्या बहुधा 202 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. किनाऱ्यालगत त्यांवर लवकरच तांबूस ठिपके येतात. 304 बरीच टिकते. गणपतीपुळे, हर्णै, तारकर्ली अशा अगदी समुद्रालगतच्या घरांत 316 घ्यावी. तिच्यातल्या मॉलिब्डेनममुळे ती खारापुढे टिकते. दुकानात चुंबक लावून ग्रेड ओळखायचा खटाटोप निरुपयोगी आहे, कारण 202 आणि 304 दोन्हींना चुंबक जवळपास धरत नाही. ग्रेडचा ठसा पाहावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. आणि चांगली जाळी आणून वर बाथरूमचं ॲसिड ओतू नये. त्याने 304 सुद्धा खाल्ली जाते आणि टाइलच्या सांध्यातलं ग्राउट पोकळ होतं ते वेगळंच.

जाळी सिमेंटमध्ये गच्च बसवणारे गवंडी अजून आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणावं. फक्त चौकट बसवायची, वरचं झाकण हाताने निघालं पाहिजे.

चॅनल आणि टाइल-इन्सर्ट

भिंतीलगतचा लांब चॅनल दिसायला देखणा. फरशीला एकाच बाजूला उतार द्यावा लागत असल्याने मोठ्या टाइल न कापता बसतात, हे त्याचं खरं बलस्थान. पण पायाला लागून येणारी तांबडी माती आणि पुळणीची रेती चॅनलच्या सपाट तळाशी बसून राहते. सोबत येणाऱ्या ट्रॅपचं सीलही बहुतेक वेळा उथळ असतं. रोज वापरातलं घर असेल आणि आठवड्याला झाकण उचलून तळ घासायची तयारी असेल तर घ्यावा. मात्र चॅनलचा स्वतःचा ट्रॅप काढून खाली 50 मिमी सीलचा वेगळा ट्रॅप द्यावा. दोन्ही ठेवले तर मध्ये हवा अडकून पाणी गुळगुळत उतरतं. बंद राहणाऱ्या घराला चॅनल नको.

टाइल-इन्सर्ट ड्रेन, म्हणजे झाकणातच टाइलचा तुकडा बसवलेली जाळी, चालतो, फक्त तो उचलायचा हूक हरवू देऊ नये.

सिलिकॉनचा एकमार्गी व्हॉल्व्ह

जाळीखाली बसणारी ही रबरी नळी पाणी आलं की उघडते आणि एरवी मिटते. हिला पाण्याची गरज नाही, म्हणून चाकरमान्यांच्या घरांना ती फार उपयोगी. दिवाळीनंतर कुलूप लागलेलं घर शिमग्याला उघडलं की जो वास येतो आणि जी झुरळं दिसतात, ती सुकलेल्या ट्रॅपमधून आलेली असतात. व्हॉल्व्ह ती वाट अडवतो. पण केस आणि साबणाचा चिकटा अडकला की पाकळी अर्धवट उघडी राहते, त्यामुळे महिन्याला धुवावा लागतो. सीलच्या जोडीला उत्तम, सीलच्या ऐवजी नाही. विकत घेताना ट्रॅपच्या तोंडाचा आतला व्यास मोजून न्यावा. कडेने फट राहिली तर पैसे वाया.

घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे खाद्यतेल सोडावं. तेलाचा थर बाष्पीभवन अडवतो. खोबरेल मात्र नको. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं आणि पुसाच्या पहाटे गुठळी होऊन बसतं.

पाइप

सांडपाण्याला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारा) पाइप लागतो, भारतीय मानक आयएस 13592. यात दोन प्रकार आहेत. टाइप ए पातळ, तो पावसाचं पाणी आणि व्हेंटसाठी (लाइनमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या उभ्या पाइपासाठी). टाइप बी जाड, तो मैला आणि सांडपाण्यासाठी. 110 मिमी पाइपात ए ची जाडी किमान 2.2 मिमी आणि बी ची 3.2 मिमी असते. रंगाने दोन्ही सारखेच दिसतात, आणि दरात परवडतो म्हणून टाइप ए कोब्याखाली घातला जातो. पाइपावरचा छाप स्वतः वाचावा. फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना रत्नागिरीतच आहे, आणि सुप्रीम, ॲस्ट्रल, प्रिन्स यांचा मालही जिल्ह्यात मिळतो. पाइप आणि फिटिंग शक्यतो एकाच कंपनीचं घ्यावं, म्हणजे सॉकेट सैल पडत नाही.

फरशीखाली पेस्टचे सांधे, भिंतीबाहेरच्या उभ्या लाइनला रबर रिंगचे. रिंगच्या सांध्यात पाइप पूर्ण खोचून 10 मिमी मागे ओढायचा असतो. उन्हात पाइप वाढतो, त्याला जागा न ठेवल्यास लाइन वाकते. पेस्टच्या सांध्यात पाइप काटकोनात कापून कड कानशीने घासावी, दोन्ही बाजूंना सॉल्व्हंट लावून पाव फेरा देत आत दाबावं आणि अर्धा मिनिट धरून ठेवावं. पावसाळी ओल्या पाइपाला सॉल्व्हंट नीट धरत नाही. आधी फडक्याने कोरडा करावा.

कमोडला 110, न्हाणीला 75 मिमी. पुढे जाताना व्यास कधीही कमी करू नये. उतार दर मीटरला 2 सेंमी, म्हणजे 3 मीटरच्या लाइनला 6 सेंमी. तो नजरेने न धरता लेव्हल पाइपने धरावा. दिशा बदलताना 90 अंशाच्या एका बेंडऐवजी 45 चे दोन घालावेत आणि वळणावर डोअर (साफसफाईसाठी उघडणारं झाकण) असलेलं फिटिंग अशा जागी यावं, की उद्या हात पोहोचेल. टाइलमागे गाडलेलं डोअर नसल्यातच जमा.

जांभ्याच्या घरात आणखी दोन गोष्टी आहेत. चिऱ्याच्या भिंतीतून 110 चा पाइप नेताना आधी 160 चा तुकडा स्लीव्ह म्हणून घालावा आणि मधली फट लवचीक सीलंटने भरावी. म्हणजे भिंत जरा बसली तरी पाइप कापला जात नाही. आणि जोत्यातली भर ताजी असेल तर ती पावसात बसते, पाइपाला पोट पडतं, त्या पोटात मैला साचतो. चरात भर थराथराने पाणी मारून धुमसावी आणि पाइपाखाली 10 सेंमी रेतीची गादी द्यावी. ही रेती नदीची किंवा क्रशची असावी. पुळणीची रेती कोब्यात वापरली तर तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि भिंतीला पांढरा खार फुटतो.

व्हेंट पाइप कौलांच्या वर जाऊ द्यावा आणि त्याच्या टोकावरच्या टोपीला (काउलला) डासांची बारीक जाळी बांधावी. व्हेंट नसेल तर कमोडचा फ्लश ओढला की न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं, मग 50 मिमीचं सीलही कामाला येत नाही.

स्वयंपाकघर

माशांची खवलं, नारळाचा चोथा आणि तेल यापुढे बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा) लवकर हरतो. सिंकला खालून उघडणारा पी ट्रॅप (वाकड्या नळीचा) चांगला. सिंकखालची लवचीक वळ्यांची नळी जमिनीतल्या पाइपात नुसती खोचलेली असते, तिथून वास येतो. तिथे रबरी ॲडॉप्टर हवा, तो अगदी स्वस्त असतो.

घराबाहेर

सेप्टिक टँकला फक्त कमोडची लाइन जोडावी. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी गली ट्रॅप (घराबाहेर जमिनीत बसणारा ट्रॅप) आणि गाळाच्या चेंबरमधून माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावं, ही आपल्याकडची जुनी रीत योग्यच आहे. पन्हळीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये अजिबात नको. 100 चौरस मीटर छपरावर 100 मिमी पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होतं, आणि आषाढात असा दिवस नवलाचा नसतो. एवढं पाणी टाकीतला गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेतं, खड्डा बुजतो आणि पुढचं पाणी उलट कमोडकडे येतं.

शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. कातळातल्या भेगांतून पाणी फार लांब जातं, त्यामुळे जागा असेल तिथे हे अंतर वाढवावंच.

पैसे चुकते करण्याआधी

कोबा घालण्यापूर्वी लाइनचं टोक प्लगने बंद करून पाणी भरावं, ट्रॅपच्या तोंडाशी खूण करावी आणि रात्रभर ठेवावं. पातळी उतरली तर सांधा गळतोय. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) आणि भिंतीवर किमान 30 सेंमी चढवलेला थर झाल्यावर तोंड बंद करून 48 तास पाणी तुंबवावं. गवंडी चोवीस तासांत आटपू म्हणतो. ऐकू नये, कारण बारीक गळती खालच्या पृष्ठभागावर दिसायला वेळ लागतो. टाइल बसल्यावर बादलीभर पाणी दारापाशी ओतावं. पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलं असेल, तर तेवढ्या टाइल ग्राउट भरण्याआधीच उचलून पुन्हा बसवायला सांगाव्यात.