कासवाच्या नावावर दोनदा गळ टाकला

भाच्याला जमिनीवर चालणारं कासव हवं होतं. मोबाईलवर फोटो पाठवणारा एकजण म्हणाला, "पात्रांव, बेबी आहे, तळहाताएवढंच राहतं. कोबी, गाजर खातं, पाण्याची भानगड नाही." तीन हजार जीपेवर घेतले आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुठ्ठ्याचा खोका हातात देऊन तो गर्दीत गेला.

हिरवंगार पिल्लू, डोळ्यांमागे लाल पट्टा. कोबीला तोंड लावेना. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटं धरून मागच्या पायाची बोटं फाकवली. मध्ये पातळ पडदा! जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे असतात. हे अमेरिकेतलं पाणकासव, रेड इअर्ड स्लायडर. पाण्यात असल्याशिवाय घास गिळता येत नाही. मादी फूटभर वाढते, वीस-तीस वर्षं जगते. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या भीतीने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळायला म्हणून विकायला बंदी आहे. आपल्याकडे ती मुलांसाठीच विकतात.

जाब विचारल्यावर तो गोड झाला. "आणखी दोन हजार टाका, स्टार कासव देतो. फॉरेस्टचं लायसन्स आहे." सोबत शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो. खरा गळ हाच. स्टार कासव हे आपल्याकडचं जमिनीवरचं कासव, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं कैद. हौसेखातर पाळायला असलं लायसन्स मिळतच नाही. आणि एकदा ते घेतलं, की तक्रार करायला जाणार कुठल्या तोंडाने? त्याचा धंदा चालतो तो यावरच. मी सरळ नाही म्हटलं.

मग परदेशी सल्काटाचा फोटो आला. तेही "छोटंच राहतं" म्हणे! हे आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं कासव चाळीस किलोच्या वर जातं. शिवाय अशा परदेशी प्राण्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. त्याबद्दल विचारलं तर निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. आमच्या चार महिन्यांच्या पावसात कोरड्या प्रदेशातल्या कासवाची नाकं वाहतात, फुप्फुसं धरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळंच. नवख्याने गोव्यात जमिनीवरचं कासव पाळूच नये, असं माझं मत झालंय.

स्लायडर आमच्याकडेच, टाकीत आहे. तळीत सोडलं तर ते इथल्या कासवांच्या जिवावर उठेल. पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, स्टार कासवाचे स्क्रीनशॉट वनखात्याला दिले. विकणाऱ्याचा नंबर बंद पडलाय, पण लाल पट्ट्याचा तोच फोटो दुसऱ्या नंबरवरून फिरतोय, भाव साडेतीन हजार.